काट्यावरचा कंप्युटर क्लाऊडला जोडायचाय? मग मधी डबा ठेवा

दसरा-दिवाळीच्या टायमाला लातूरच्या एमआयडीसीत एखाद्या सोयाबीन प्लॅन्टच्या गेटवर उभं राहून बघा. ट्रॅक्टर, पिकअप, टेम्पो, मधीच एखादी दहाटायरी, लाईन पार रोडपर्यंत. गेटातून आत गेलं की काट्याची खोली, आठ बाय दहाची, खिडकीतून हात घालून पावती घ्यायची. आत एक जुना कंप्युटर, विंडोज सेव्हन, कीबोर्डवर सोयाबीनच्या भुश्शाची इतकी धूळ की अक्षरं दिसतच नाहीत, अंदाजानं दाबायची. काट्याच्या इंडिकेटरपासून, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्रापासून, एक जाड नऊ पिनांची वायर निघती आणि त्या कंप्युटरच्या मागं जाऊन खुपसलेली असती. ती वायर म्हणजेच सगळं मूळ दुखणं आहे, कसं ते सांगते.

मी असल्या ठिकाणी सॉफ्टवेअर एकमेकाला जोडून द्यायचं काम करते. या प्लॅन्टवर मालकाच्या मुलानं हिशोबाचं नवीन सॉफ्टवेअर घेतलंतं, क्लाऊडवरचं, आणि त्याचं म्हणणं एवढंच होतं की काट्यावर वजन झालं की तिकडं त्याला मोबाईलवर दिसलं पायजे, मग तो पुण्यात असो नाहीतर लग्नात. मुनीमकाका माझ्याकडं बघत बसलेले, दुसऱ्या दिवशी न राहवून म्हणले, "ताई, कामून एवढं अवघड करायलाव? इकडलं तिकडं सरळ जोडून टाका की."

सरळ जोडणं, तेच तर करायचं नाही.

आधी दोन शब्द उरकून घेऊ. जे सॉफ्टवेअर आपल्या जागेत, आपल्या कंप्युटरवर चालतं त्याला ऑन-प्रिमाइस म्हणतात, म्हणजे हा काट्यावरचा डबडा. आणि क्लाऊड म्हणजे ढगात काही नसतंय, दुसऱ्याच्या इमारतीतला कंप्युटर, आपण भाड्यानं वापरतो. मायक्रोसॉफ्टच्या अझूर नावाच्या क्लाऊडचं एक मोठं ठिकाण आपल्या पुण्यात आहे, अमेझॉनचं मुंबईत, त्यामुळं लातूरचा डेटा क्लाऊडवर गेला म्हणलं तरी तो अमेरिकेलाच जातो असं काही नाही.

मग सगळंच क्लाऊडवर का नाही टाकत? त्या वायरीमुळं. वजन काट्याखालच्या लोडसेलमधून, म्हणजे वजन ओळखणाऱ्या सेन्सरमधून, इंडिकेटरला येतं आणि इंडिकेटरमधून त्या वायरीनं कंप्युटरला, ते पुण्यातून होणार नाही. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, नेट गेलं म्हणून काटा थांबवता येत नाही. पहाटे चारला घरून निघालेला शेतकरी ट्रॅक्टरवर बसलाय आणि आपण त्याला सांगणार की सर्व्हर डाऊन आहे? खिडकीतून आत येऊन मारंल तो.

तर दोन्ही राहणार, इकडचं इकडं आणि तिकडचं तिकडं, फक्त बोलणं झालं पायजे. लोक ते कसं करतात बघू.

पहिला प्रकार सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट. नेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी घ्यायचा म्हणजे आपल्या जागेला कायमचा पत्ता, आणि राऊटरमधी एक पोर्ट उघडून द्यायचा म्हणजे बाहेरच्यांसाठी एक दार. क्लाऊडवरचं सॉफ्टवेअर त्या दारातून आत येऊन वजन घेऊन जाणार. चालतं हे, लगेच चालतं, म्हणून तर लोक करतात. मीही केलंय, खोटं कशाला बोलू. काही वर्षांमागं एका गिऱ्हाईकाकडं रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून कंप्युटर चालवायचा, ३३८९ नंबरचा पोर्ट मी "दोन दिवसापुरता" उघडला आणि विसरले. एका सोमवारी फोन आला, कोणतीच फाईल उघडत नाही, सगळ्यांच्या नावापुढं काहीतरी वाकडंतिकडं लागलंय आणि डेस्कटॉपवर पैसे मागायची चिठ्ठी. बॅकअप होता, पण तो त्याच कंप्युटरला लावलेल्या पेनड्राईव्हवर, तोही गेलेला. तीन वर्षांचा हिशोब माणसं बसवून कागदावरून परत चढवला. पैसे मी घेतले नाहीत, घेणार कोणत्या तोंडानं.

लोकांना वाटतं, आपल्या लातूरच्या काट्याला कोण शोधत येणार. कोणी माणूस येत नाही, मशीन येतं. इंटरनेटवर जुन्या पद्धतीचे सगळे मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते आहेत आणि २०१३ मधीच मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी दाखवून दिलंय की एका साध्या सर्व्हरवरून, चांगल्या नेटवर, या सगळ्या पत्त्यांवरचं एक ठरावीक दार उघडं आहे का हे पाऊण तासात ठोकून बघता येतं. जगातलं प्रत्येक दार, पाऊण तासात. तुमचं दार उघडं असंल तर ते सापडणारच.

दुसरा प्रकार व्हीपीएन, दोन्हीकडची नेटवर्कं एका बंद बोगद्यानं जोडायची. वाईट नाही, मोठ्या कंपन्या वापरतात, पण एक वजन पाठवायला अख्ख्या घराचा रस्ता मोकळा होतो आणि नेट गेलं की बोगदाही गेला, त्या वेळात झालेल्या वजनाचं काय करायचं याचं उत्तर त्यात नाही.

तिसरा प्रकार म्हणजे मेसेजिंग. आणि हे मुनीमकाकांना मी डब्यावरून समजावलं.

लातूरला क्लासला किती पोरं आहेत हे तुम्हाला सांगायला नको. औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर, सगळीकडून. कित्येक आया रोज सकाळी गावातून यष्टीत डबा देतात. डब्यावर कापड, कापडावर पोराचं नाव. यष्टी लातूरला येती, डबा ठरलेल्या जागी उतरतो, पोरगं क्लास सुटला की येऊन घेऊन जातं. आता यात काय काय झालं बघा. डबा देताना पोरगं जागं असायची गरज नाही. पोराची रूम कुठं आहे हे आईला माहीत नसलं तरी चालतं. यष्टी तासभर लेट झाली तर डबा लेट होतो, हरवत नाही. आणि मुख्य म्हणजे, डबा पोचावा म्हणून गावाकडच्या घराची चावी कोणी लातूरच्या माणसाला देत नाही. आईच घरातून बाहेर येऊन डबा देती.

फोन करणं याच्या उलट. फोनला दोघंही त्याच क्षणी हजर पायजेत, रेंज पायजे, एकानं नाही उचलला की बोलणं झालंच नाही. सॉफ्टवेअरनं सॉफ्टवेअरला थेट विचारणं हे फोनसारखं, आणि मधी क्यू ठेवणं हे डब्यासारखं. क्यू म्हणजे क्लाऊडवरची ती ठरलेली जागा जिथं डबे उतरतात. अझूरमधी तिला सर्व्हिस बस म्हणतात (आता यष्टीवरून सांगितल्यावर हे नाव ऐकून काका लई हसले), अमेझॉनकडं एसक्यूएस, आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं तर रॅबिटएमक्यू फुकट मिळतं.

आमच्या काट्यावरचा एक डबा उघडून दाखवते. काटा एक, पावती ४७१२, गाडी नंबर, भरलेली ७,४२० किलो, रिकामी २,९८०, निव्वळ ४,४४०, मॉइश्चर म्हणजे ओलावा १३.५ टक्के, तारीख, वेळ, शेतकऱ्याचा कोड. बास. मॉइश्चर १२ च्या वर आहे म्हणून कटती लागणार, पण ती काढायचं काम तिकडच्या सॉफ्टवेअरचं, काट्यानं फक्त काय झालं ते सांगायचं. शेतकऱ्याचं बँक खातं, आधार असलं काही डब्यात घालायचं नाही, नुसता कोड, बाकी तिकडं आधीच आहे. जे पाठवलंच नाही ते चोरीला जात नाही.

आता यातली दिशा नीट बघा, कारण सगळी सेफ्टी तिथंच आहे. काट्यावरचा कंप्युटर स्वतः बाहेर जातो आणि क्यूमधी मेसेज टाकून येतो. बाहेर जायला राऊटरमधी काही उघडावं लागत नाही, तुम्ही ब्राऊझरमधी बँकेची साईट उघडता तेव्हा जे ४४३ नंबरचं दार वापरता तेच. एएमक्यूपी नावाची मेसेजिंगची खास बोली आहे, तिचा ५६७१ असतो, पण तोही आतून बाहेरच. हिशोबाचं सॉफ्टवेअरसुद्धा क्यूकडं स्वतःच जातं. कोणीच कोणाच्या घरात जात नाही. त्यामुळं स्टॅटिक आयपी लागत नाही, डोंगलवर चालतं, जिथं शेकडो गिऱ्हाईकं एकाच पत्त्याच्या मागं कोंबलेली असतात आणि बाहेरून आत येणं तसंही होत नाही.

काका म्हणले, मग तिकडून इकडं काही पाठवायचं असलं तर? उदाहरणार्थ आजचा भाव बदलला, किंवा अमुक गाडी घेऊ नका. तेही तसंच, उलट्या दिशेचा दुसरा क्यू. काट्यावरचं सॉफ्टवेअरच बाहेर जाऊन विचारत राहतं, माझं काही आलंय का. एसक्यूएसमधी एकदा विचारलं की २० सेकंदापर्यंत तिथंच थांबून वाट बघता येती, त्यामुळं सारखं सारखं ठोकावं लागत नाही. मेसेज आत आला, पण दार आतल्या माणसानंच उघडलं. आणि आत आल्यावरसुद्धा फक्त दोनच प्रकारचे मेसेज आमचं सॉफ्टवेअर ओळखतं, भाव आणि गाडी बंद. तिसरं काही आलं तर फेकून देतं. "ही फाईल चालव" असला मेसेज मानणारं सॉफ्टवेअर मी काट्यावर बसवणार नाही, कोणी कितीही सोय सांगितली तरी.

आता डब्याच्या गोष्टीत जे बसत नाही तिथं येऊ, कारण खरी मारामारी तिथंच होती.

क्यूमधून मेसेज घेतला म्हणजे तो लगेच पुसला जात नाही. तो फक्त दुसऱ्यांपासून लपतो, अझूरमधी काही बदललं नाही तर एक मिनिट, एसक्यूएसमधी ३० सेकंद. त्या वेळात हिशोबाच्या सॉफ्टवेअरनं आपलं काम करायचं आणि "झालं" म्हणून सांगायचं, मग तो पुसला जातो. मधीच ते सॉफ्टवेअर बंद पडलं तर मेसेज परत क्यूमधी दिसायला लागतो आणि पुन्हा कोणीतरी उचलतं. चांगली गोष्ट आहे, मेसेज हरवत नाही. पण समजा काम झालं, नोंद पडली, आणि "झालं" म्हणायच्या क्षणालाच नेट गेलं? क्यूला वाटतं झालंच नाही. मेसेज परत येतो, नोंद परत पडती. आमच्याकडं पहिल्याच आठवड्यात स्टॉक ४,४४० किलोनं जास्त दिसायला लागला, गोडाऊनवाला म्हणतो माल एवढा नाही, मालक काट्यावरच्या पोराकडं संशयानं बघायलेत, पोरगं रडकुंडीला. पावती ४७१२ दोनदा चढलीती, एवढंच. एकच डबा दोनदा.

याला उपाय सोपा आहे, फक्त आधी सुचला पायजे. काटा नंबर आणि पावती नंबर मिळून एकच खूण, आणि ती खूण आधीच नोंदलेली असंल तर दुसरा मेसेज गुपचूप "झालं" म्हणून सोडून द्यायचा. मेसेज दोनदा येणारच असं धरूनच सॉफ्टवेअर लिहायचं. त्या पोराला मी नंतर सॉरी म्हणलं, मालकानं म्हणलं का माहीत नाही.

दुसरी गोष्ट, नासलेले मेसेज. पोरानं घाईत मॉइश्चरच्या खान्यात १३.५ च्या जागी "ओलं" असं टाईप केलं. हिशोबाचं सॉफ्टवेअर तो मेसेज घेतं, आपटतं, सोडून देतं, परत घेतं, परत आपटतं. अझूरमधी साधारण १० वेळा असं झालं की तो बाजूला काढून ठेवतात, डेड लेटर नावाच्या वेगळ्या खान्यात, म्हणजे मागचे मेसेज अडत नाहीत. उत्तम. पण त्या खान्यात कोणी बघतच नाही हो. मी एका ठिकाणी गेलते, दुसऱ्या कोणीतरी केलेलं काम होतं, तिथं त्या खान्यात चार महिन्यांचे मेसेज पडून होते आणि सगळे म्हणायचे सिस्टीम मस्त चालू आहे. म्हणून मी आता रोज संध्याकाळी सातला मुनीमकाकांच्या मोबाईलवर मेसेज पाठवायची सोय करते, बाजूला पडलेले किती, कोणत्या पावत्या. शून्य असले तरी पाठवायचं, नाहीतर मेसेज आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे का तो मेसेजच बंद पडलाय हे कसं कळणार.

तिसरी गोष्ट, नेटच नसंल तर क्यूपर्यंत जाणार कसं? तर डबा आधी घरातच भरून ठेवायचा. पावती सेव्ह होताना त्याच फटक्यात काट्यावरच्या कंप्युटरवरच्या छोट्या डेटाबेसमधी मेसेजही लिहिला जातो, दोन्ही होतील नाहीतर दोन्ही नाहीत. मग एक वेगळा छोटा प्रोग्राम मागं बसून एकेक मेसेज क्यूला देत राहतो, नेट असंल तेव्हा. काटा नेटची वाट बघतच नाही. दिवाळीच्या आधी रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली, दुपारी अडीचला गेलेलं नेट दुसऱ्या दिवशी अकराला आलं, तोपर्यंत अडीचशेच्या वर पावत्या झालत्या. नेट आल्यावर चहा संपायच्या आत सगळ्या तिकडं. क्यूचा हा दुसरा फायदा, एकदम लोंढा आला तरी हिशोबाचं सॉफ्टवेअर आपल्या चालीनं एकेक उचलतं.

एक सावधगिरी मात्र, क्यूमधी मेसेज कायमचे राहत नाहीत. एसक्यूएसमधी तुम्ही काही बदललं नाही तर ४ दिवस, जास्तीत जास्त १४. तिकडचं सॉफ्टवेअर दिवाळीच्या सुट्टीत बंद पडलं आणि पाचव्या दिवशी चालू केलं तर काय झालं असंल, तुम्हीच ओळखा. म्हणून घरातल्या डेटाबेसमधली प्रत मी लगेच पुसत नाही, सीझनभर ठेवते.

आता कुलपांचं. जाणारा मेसेज वाटेत कोणी वाचू नये म्हणून टीएलएस, म्हणजे तेच ब्राऊझरमधल्या कुलपाचं तंत्र. इथं विंडोज सेव्हन त्रास देतं, टीएलएस १.२ त्यात आहे पण आपसूक चालू नसतं, हातानं चालू करावं लागतं, आणि एक्सपीत तर तेही नाही, त्याला नवा कंप्युटर हाच उपाय. दुसरं, काट्याला जी डिजिटल चावी देतो ती फक्त मेसेज टाकायची, वाचायची नाही, पुसायची नाही. भावाच्या क्यूसाठी वेगळी, फक्त वाचायची. प्रत्येक काट्याची चावी वेगळी, म्हणजे एक चोरीला गेली तर तेवढीच रद्द. आणि कृपा करून ती चावी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवू नका, मी बघितलंय, वर हळदीकुंकूसुद्धा लावलंतं.

एकदा सगळं बरोबर असून मेसेज जाईनात. तीन तास मी नेटवाल्याशी भांडले. शेवटी काकांनीच विचारलं, "ताई, पावतीवर २००९ साल कामून छापायलंय?" मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेलेला, रात्री लाईट गेली की कंप्युटर तारीख विसरायचा. २००९ साली उभं राहून बघितलं तर क्यूचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं डिजिटल ओळखपत्र, अजून सुरूच झालेलं नाही, मग टीएलएस नाही म्हणणारच. विंडोज घड्याळ आपलं आपण दुरुस्त करतं, पण असल्या सुट्या कंप्युटरवर फरक १५ तासांपेक्षा जास्त असला तर हात लावत नाही. सीआर २०३२ सेल, नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडून आणला, काम संपलं. तेव्हापासून कुठंही गेले की आधी तारीख बघते.

हे जुगाड आपल्याकडं नेट जातं म्हणून काढलंय असं समजू नका. एमक्यूटीटी नावाची दुसरी एक बोली आहे, ती १९९९ मधी आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाईपलाईनवर नजर ठेवायला बनवली, सॅटेलाईटच्या महाग आणि तुटक्या लाईनवरून. एएमक्यूपी २००३ मधी जेपी मॉर्गन या बँकेत सुरू झाली. तेलवाले आणि बँकवाले, दोघांनाही मेसेज हरवलेला चालत नव्हता.

आणि सगळंच क्यूमधी घालायचं नाही हेही सांगते. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर असंल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं. पेंडीची गाडी गेटवर उभी आहे, सरकारी पोर्टलवरून नंबर आल्याशिवाय ती सोडता येत नाही. तिथं डबा देऊन निवांत बसून चालत नाही, तिथं फोनच करावा लागतो, उत्तर येईपर्यंत थांबून. गाडीचा फोटोही क्यूमधी नको, अझूरच्या स्टँडर्ड प्लॅनमधी एका मेसेजला २५६ केबीची मर्यादा आहे. फोटो क्लाऊडच्या स्टोरेजमधी वेगळा टाकायचा आणि मेसेजमधी फक्त त्याचा पत्ता.

काट्याच्या स्क्रीनवर खाली कोपऱ्यात मी एक छोटा आकडा ठेवलाय, अजून तिकडं न गेलेल्या पावत्यांचा. बहुतेक वेळा शून्य असतो. परवा रात्री आठला मुनीमकाकांचा फोन.

"ताई, सतरा डबे अडकलेत. नेटवाल्याला मी लावू का फोन, का तुम्हीच लावताव?"